बर्फ न पाहिलेले स्टेअरिंग

मी एक जुने स्टेअरिंग आहे. मात्र मी कोणत्याही मोटारीचे नाही, आणि माझा गोंधळ इथूनच सुरू होतो. मित्रांनो, मोटारीच्या स्टेअरिंगखाली चाके असतात आणि चाकांखाली रस्ता असतो. माझ्याखाली टेबल होते. माझी वायर संगणकात खोचलेली असे, पडद्यावर गाडी पळत असे आणि ती मी चालवतो असे सगळे म्हणत. मी आयुष्यात हातभरसुद्धा रस्ता चाललेलो नाही. तरीही दगडी रस्ता कसा लागतो, वाळू कशी लागते, हे लोकांच्या हातांना सांगण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या पोटात एक छोटी मोटर आहे. वायरमधून हुकूम आला की ती मला जड करते, हलके करते किंवा थरथरवते. हुकूम खरा की खोटा हे विचारायची सोय नव्हती.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. त्यातले मला थर्मोकोल तेवढे आठवते. खोक्यात माझ्या चहूबाजूंना ते पांढरे, चुरचुरणारे थर्मोकोल होते. पुढे बर्फाचा विषय निघाला तेव्हा बर्फ म्हणजे हेच असणार, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. हसू नका. माझ्यापेक्षा फार जास्त माहिती तिथे कोणालाच नव्हती.

२००५ साली मी पुण्यात आलो. हडपसरच्या पुढे उसाचे मळे मोडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचे ऑफिस होते. एका परदेशी कंपनीने मोटार शर्यतीचा खेळ तयार केला होता. तो खेळून पाहायचा, चुका शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे काम पुण्याला मिळाले होते. दिवसभर खेळण्याचा पगार मिळतो हे ऐकून इमारतीतले बाकीचे लोक हेवा करत. पण एकच वळण दिवसातून दोनशे वेळा घेणाऱ्याला विचारा खेळ म्हणजे काय ते.

मला सगळ्यात जास्त हाताळले ते चैतालीने. चैताली येरवड्याहून दोन बस बदलून यायची. नोकरीला लागून तिला पाच महिने झाले होते आणि सहा महिन्यांनंतर कायम करणार होते. ती फार काटेकोर होती. वळणावर मी किंचित उशिरा थरथरलो तरी ती वहीत नोंद करायची, आणि जाताना माझ्यावरची धूळ रुमालाने पुसायची. मला ती आवडायची, हे उघडच सांगतो.

एके दिवशी खेळातला बर्फाचा रस्ता तपासायला आला. पडद्यावर सगळे पांढरे झाले आणि वायरमधून मला हुकूम आला, की हलका हो. मी हलका झालो. इतका, की चैतालीने एका बोटाने मला गरकन फिरवले. गाडी मात्र वळली नाही. ती सरळ जाऊन दरीत पडली.

"हे मेलं की काय?" चैताली म्हणाली आणि तिने माझ्या डोक्यावर एक चापट मारली.

मी काय करणार? हुकमाप्रमाणे वागलो होतो. तिने मला काढून दुसरे स्टेअरिंग लावले. तेही बर्फावर तसेच हलके झाले. मग दोष खेळातच असणार असे ठरले आणि चैतालीने अहवालात लिहिले, 'बर्फावर स्टेअरिंग निर्जीव होते. गंभीर दोष. दुरुस्ती आवश्यक.'

दुरुस्ती उत्तरेश्वरकडे गेली. उत्तरेश्वर जवळच्याच मांजरी गावचा, घरची उसाची शेती, डोके संगणकात तल्लख. तो म्हणाला, "गाडी घसरणार म्हणजे स्टेअरिंग जड पायजे. आमच्या मळ्यात ट्रॅक्टर रुतला की दोघं लागतात फिरवायला. बर्फ काय, चिखलच की तो. पांढरा हाय एवढंच."

हे सगळ्यांना पटले. मलाही पटले. उत्तरेश्वरने दोन दिवस खपून बर्फावर मला असा जड केला की चैतालीचे खांदे भरून आले. पण सगळे खूश झाले. आता कसे खरे वाटते, असे म्हणत प्रत्येकाने एक चक्कर मारली आणि काम परदेशी रवाना झाले.

आठवड्यात पत्र आले. आमच्या साहेब विजयमाला मॅडम. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यांना गरजच पडत नसे. त्यांनी पत्र वाचून दाखवले. तिकडचे लोक विचारत होते, की आमच्या बर्फाची ही दशा कोणी केली? तुमच्यापैकी कोणी बर्फावर गाडी चालवली आहे का? सोमवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर हे काम पुण्याहून काढून घेऊ.

"मी त्यांना काय कळवू?" मॅडमनी विचारले. "आमचा आणि बर्फाचा संबंध गोळ्याच्या गाडीपर्यंतच आहे, असं कळवू का?"

मॅडमनी पत्राची घडी घातली.

"अहवालावर चैतालीचं नाव आहे. तेव्हा उत्तरही चैतालीच लिहील. आधीचं बरोबर की आपलं बरोबर, आणि का, ते स्पष्ट लिहायचं. 'का' महत्त्वाचं."

शनिवारी सुट्टी असूनही चैताली आली. तिने एका संगणकावर जुना, हलका बर्फ लावला, दुसऱ्यावर उत्तरेश्वरचा जड बर्फ, आणि माझी वायर आळीपाळीने दोन्हीकडे खोचत बसली. तिकडच्यांचेच बरोबर असे लिहून मोकळे होता आले असते. पण न कळताच एकदा सही केली होती, पुन्हा तसे करायला तिचा हात धजत नव्हता. शेवटी माझ्यावर कपाळ टेकून ती म्हणाली, "सांग ना रे, खरं कुठलं?" मला उत्तर माहीत असते तर मी दिले असते. मी सकाळपासून चौदा वेळा हलका आणि चौदा वेळा जड झालो होतो, आणि मला दोन्ही वेळा तितकेच खरे वाटत होते.

दुपारी तिचे वडील आले. सकाळच्या घाईत ती डबा विसरली होती, तो द्यायला. त्यांचे नाव भीमराव. ते मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर देखरेखीला होते आणि शनिवारी यार्ड बंद असे. त्यापूर्वी ते लष्करात ड्रायव्हर होते, हे चैतालीने मागे उत्तरेश्वरला सांगितलेले मी ऐकले होते. घरात त्यांचा ट्रकपाशी उभे असतानाचा फोटो होता. पण परत आल्यापासून त्यांनी कुठल्याही गाडीला हात लावला नव्हता. नजर कमी झाली असे ते सांगत, आणि पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचत. चैतालीने गाडी शिकवा म्हटले की ते उठून बाहेर जात.

डबा टेबलावर ठेवताना त्यांनी पडद्याकडे पाहिले.

"हे काय आहे?"

"बर्फ आहे, अण्णा. खेळातला. यात गाडी चालवायची."

"चालव बघू."

तिने जड बर्फावर गाडी चालवली. भीमराव मागे उभे राहून तिचे हात पाहत होते. पडद्याकडे त्यांचे लक्षच नव्हते.

"एवढा जोर का लावतेस?"

"बर्फ आहे म्हणून."

"हा बर्फ नाही," ते म्हणाले. "चिखल आहे हा."

चैताली त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिने माझी वायर दुसऱ्या संगणकात खोचली आणि खुर्ची त्यांना दिली. ते बसायला तयार नव्हते. तिने सोमवारची गोष्ट सांगितली, नोकरीचे सांगितले. तेव्हा कुठे ते टेकले.

मित्रांनो, ते हात मी विसरणार नाही. इतर लोक मला घट्ट धरत. भीमरावांनी तळवे नुसते ठेवले. सुरुवातीच्या दगडी रस्त्यावर ते शांत होते. पुढे पांढरे सुरू झाले आणि मला हुकूम आला, हलका हो. मी हलका झालो, आणि त्यांचे हात थरथरू लागले. मी दचकलो. थरथरण्याचे काम माझे होते आणि मी तर तेव्हा थरथरत नव्हतो. माझ्याकडून काही चूक झाली का, हे मला समजेना. त्यांनी टेबलाखालच्या पेडलवरून पाय उचलला, मला जागचे हलू दिले नाही, आणि गाडी घसरत घसरत कड्याच्या अलीकडे आपोआप थांबली.

"हा बर्फ," भीमराव म्हणाले. "असाच असतो. हातातलं सगळं निघून जातं. स्टेअरिंग आपल्याकडे राहतं, गाडी राहत नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, अण्णा."

त्यांनी माझ्यावरचे हात काढून घेतले. मग माझ्याकडे पाहतच बोलले. मुलीकडे पाहून त्यांना बोलता आले नसते असे मला वाटते.

"जयसिंग म्हणून पोरगा होता. साताऱ्याकडचा. नवीन आला होता, वर पहिल्यांदाच. लडाखकडच्या खिंडीत तो चालवत होता, मी शेजारी. मी म्हटलं, याला बर्फाचं सगळं सांगायचंय, चहाला थांबलो की निवांत सांगू. अर्ध्या वाटेत तो हसून म्हणाला, 'भीमराव, आज स्टेअरिंग कसलं हलकं चाललंय.' त्याला वाटलं, गाडी छान चाललीय. मी तोंड उघडेपर्यंत त्याने ब्रेक दाबला."

त्यांनी तळवे गुडघ्यांवर पुसले. "मी बाहेर फेकला गेलो. तो गाडीबरोबर गेला. दोन शब्द सांगायचे होते नुसते."

चैताली रडली. भीमराव रडले नाहीत, त्यांनी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. मी टेबलावर होतो तसा होतो. खोट्या रस्त्यावरच्या खोट्या बर्फाने एका खऱ्या माणसाला बारा वर्षे मागे नेले होते, आणि हे चांगले झाले की वाईट, ते मला ठरवता येईना. आजही येत नाही.

चैतालीने उत्तर लिहिले. 'माझा आधीचा अहवाल चूक होता. स्टेअरिंग निर्जीव नव्हते, ते खरे सांगत होते. मूळचा बर्फ कायम ठेवावा.' आणि 'का' या प्रश्नाखाली तिने वडिलांचे बोलणे जसेच्या तसे लिहिले. विजयमाला मॅडमनी ते दोनदा वाचले आणि "पाठव" एवढेच म्हणाल्या. काम पुण्यातच राहिले. चैताली कायम झाली, मात्र इतरांपेक्षा दोन महिने उशिरा. उत्तरेश्वरचा चिखलही वाया गेला नाही, तो पुढे खेळातल्या चिखलालाच लावला.

त्यानंतर माझे कौतुक झाले, असे म्हणावेसे वाटते, पण झाले नाही. नवी, तीन पेडलांची स्टेअरिंगे आली. माझे रबर सुटले, मोटर घरघरू लागली. ऑफिसने भंगार काढले तेव्हा चैतालीने मला मागून घरी नेले, आणि घरी मी कपाटावर पडून राहिलो. चैताली आणि भीमराव तोपर्यंत मांजरीच्या नव्या इमारतीत राहायला गेले होते. चैतालीने जुनी मारुती घेतली होती, आणि ती चालवायला तिला भीमरावांनीच शिकवले. स्वतः ते चालवत नसत, शेजारी बसत.

एका रविवारी घर आवरताना मी खाली आलो. "हे आता जुन्या बाजारात देऊन टाकू," चैताली म्हणाली आणि मला मागच्या सीटवर ठेवले. मी पहिल्यांदाच खऱ्या गाडीत बसलो, तोही विकला जायला. दुःख करावे की आनंद, हेही मला कळेना.

हंगामाचे दिवस होते. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर मळ्यातून निघून डांबरावर चिखल सांडत गेल्या होत्या, आणि वर सकाळचे दव पडले होते. वळणापाशी एक ट्रॉली आडवी निघाली. चैताली वळवायला गेली.

"अण्णा, स्टेअरिंग एकदम हलकं..."

"ब्रेक नको. पाय काढ. हात तसेच ठेव."

एका दमात, अजिबात आवाज न चढवता ते बोलले. चैतालीने ऐकले. गाडी आडवी सरकत गेली, मी सीटवरून खाली पडलो, आणि ट्रॉलीच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर आम्ही थांबलो. चिखल जड असतो असे उत्तरेश्वरने मला शिकवले होते. डांबरावरचा हा चिखल मात्र बर्फासारखा वागला. आता कोणावर विश्वास ठेवायचा?

ट्रॉली निघून गेली. मग भीमराव समोर पाहत हळूच म्हणाले, "या वेळी सांगितलं."

चैतालीने गाडी वळवली आणि आम्ही घरी परतलो. मी आता कपाटावर नसतो, त्या ट्रकच्या फोटोखाली असतो.

मित्रांनो, बर्फ म्हणजे काय हे मला अजून कळलेले नाही, आणि या वयात कळेल असे वाटत नाही. पण दोन विनंत्या करतो. हातातली वस्तू वेगळी वागली तर ती बिघडली असे लगेच लिहून टाकू नका, कदाचित ती काही सांगत असेल. आणि तुम्हाला एखादी गोष्ट माहीत असेल व शेजारच्याला नसेल, तर चहाला थांबल्यावर सांगू, असे म्हणू नका.