उजवा घोटा

पेणच्या बाजारात कबड्डीवरून वाद जुंपला आणि एखादा म्हणाला, "अरे, निकेश बोललाय रेडिओवर," की वाद तिथेच मिटायचा. निकेशने सात वर्षांत कमावलं होतं ते एवढंच. बाकी त्याच्याकडे एक स्कूटर होती आणि बसलेला आवाज.

तो पेणजवळच्या गडब गावचा. स्वतः कबड्डी बेताचीच खेळला. संघात असायचा, मैदानात क्वचित. पण स्पर्धेत माइक हातात आला की लोक सामना सोडून त्याच्याकडे पाहायचे. ‘रेडिओ खाडीवारा’ने त्याला संध्याकाळचा एक तास दिला तेव्हा कार्यक्रमाचं नाव होतं ‘क्रीडाजगत’. दुसऱ्या आठवड्यात त्याने ते ‘मैदानात ये’ करून टाकलं. तिथून पुढे त्याने कुणाला सोडलं नाही. एका नावाजलेल्या चढाईपटूबद्दल तो म्हणाला, "हा पोरगा चढाईला पाहुण्यासारखा जातो. उंबऱ्याशी उभा राहतो, हसतो नि परत येतो." एका आयोजकाला त्याने सुनावलं, "चषक माणसाएवढा आणलात, मैदानावर पाणी मारायचं राहिलं." त्या आयोजकाची माणसं स्टुडिओत आली. निकेशने त्यांना चहा पाजला आणि तेही दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात सांगितलं.

लोक हसायचे, चिडायचे, फोन करायचे. पण कार्यक्रम चालायचा तो बातमीवर. कुणाचा खांदा निखळलाय, कुठल्या कर्णधाराचं प्रशिक्षकाशी वाजलंय, हे निकेशला आधी कळायचं आणि तो बोलला की तसंच निघायचं. एकदाही चुकलं नव्हतं. तो स्वतःच म्हणायचा, "माझी जीभ वाईट हाय, खोटी नाय."

गेल्या वर्षी एका बातमीने त्याच्या घरातच मोडतोड केली. धाकटा भाऊ साईराज गडबच्या संघातला सगळ्यात चपळ चढाईपटू. जेवताना तो आईला म्हणाला की डावा घोटा सुजलाय. दुसऱ्या दिवशी निकेश अभिमानाने बोलून गेला, "माझा भाऊ सुजलेल्या डाव्या पायाने उतरणार हाय, बघायला या!" बघायला आलेल्यांत समोरचा संघही होता. पहिल्याच चढाईत त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याच पायाला मिठी मारली. साईराज पावसाळाभर प्लॅस्टरमध्ये राहिला. रोह्याच्या एका कंपनीची निवड चाचणी होती, ती गेली. निकेश म्हणाला, "खेळात होतंच." त्यानंतर घरात कुणी त्याला काही बोललं नाही. तो विषय मिटला असं त्याला वाटलं.

यंदा त्याच कंपनीने साईराजला संघात घेतलं, पण तात्पुरतं. रोह्याच्या स्पर्धेतला खेळ बघून कायम करू, असं साहेब म्हणाले होते. साईराज रोह्यालाच खोली घेऊन राहत होता. कंपनीचा संघ अंतिम फेरीत गेला आणि समोर आलं गडब, त्याचंच गाव. गडबचा कर्णधार हर्षद हा निकेशचा शाळेपासूनचा दोस्त.

अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी आई, ठमाबाई, निकेशच्या ताटात भाकरी टाकता टाकता थांबली.

"साईराजचा उजवा घोटा दुखतोय रे. पट्टी बांधून खेळनार म्हनतो."

"उजवा? मागं डावा व्हता ना?"

"डावा बरा झाला. आता उजव्याचं निघालं." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुनाला बोलू नको हां, बाळा."

"नाय गो आये. मी काय येडा हाय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो खरोखर गप्प होता. पण हमरापूरहून काळुराम नावाच्या मूर्तिकाराचा फोन आला. तो दर आठवड्याला रंगाच्या हाताने फोन लावायचा आणि निकेशला डिवचायचा.

"काय निकेशशेठ, यंदा अंतिम सामन्याची बातमी नाय? का भाऊ खेळतोय म्हनून दातखीळ बसली?"

काचेपलीकडे तंत्रज्ञ दिशा हसली. निकेश हसला नाही. इतकी वर्षं तो ओरडून सांगत आला होता की माझ्याकडे सख्खा-सावत्र नाही, आणि आज एक मूर्तिकार त्याला सगळ्या तालुक्यासमोर विचारत होता.

"काळुराम, कान उघडा नि ऐका," तो म्हणाला. "कंपनीचा एक चढाईपटू उजव्या घोट्याने अधू हाय. पट्टी दिसंल तुम्हाला. नाव मी घेत नाय. निकेश बोलला म्हणजे बोलला."

नाव घ्यायची गरजच नव्हती. कार्यक्रम संपला तसा हर्षदचा मेसेज आला: ‘उपकार झाले भावा.’ निकेशने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. भाऊ असला तरी बातमी ती बातमी, असं त्याने दिशाला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

सामन्याला मैदान भरलं होतं. समालोचनाच्या टेबलावर निकेश बसला होता. साईराज उतरला तेव्हा त्याच्या उजव्या घोट्याला पांढरी पट्टी होती, लांबून दिसावी अशी.

पहिल्या चढाईला साईराजने उजवा पाय पुढे टाकला आणि तिथेच ठेवला. गडबच्या कोपरारक्षकाने त्यावर झेप घेतली. पाय जागेवर नव्हता. साईराज त्याच पायावर जोर देऊन उडाला होता, कोपरारक्षकाच्या पाठीला हात लावून तो रेषेपार गेला. दुसऱ्या चढाईतही तसंच झालं. हर्षदने आपल्या माणसांना ओरडून सांगितलं, "उजवा! उजवाच धरा!" आणि ते धरायला वाकत राहिले. डाव्या पायाकडे एकानेही पाहिलं नाही. मध्यंतरापर्यंत निकेशच्या आवाजातली धार गेली होती. उडी कोणत्या पायावरून मारली जातेय हे त्याला टेबलावरून स्वच्छ दिसत होतं, आणि उतरताना डावा पाय किती जपून टेकतोय, तेही.

गडब हरलं. साईराजने वाकून उजव्या घोट्याची पट्टी सोडली आणि तिनेच तोंड पुसलं. समालोचनाच्या टेबलाकडे त्याने पाहिलं नाही.

सकाळी ठमाबाई ओटीवर वाल सोलत होती.

"तू मला खोटं सांगितलंस," निकेश म्हणाला.

"व्हय."

"माझ्या तोंडून? अख्ख्या गावाला?"

"गावाला मी नाय सांगितलं. मी तुला सांगितलं." तिने सूप बाजूला सारलं. "नि कुनाला बोलू नको म्हटलं व्हतं का नाय?"

"तो डाव कुनाचा? साईराजचा?"

"त्याचाच. डावा घोटा अजून दुखतो त्याचा. म्हनला, आये, दादाला उजवा सांग, गडबवाले उजव्यालाच येतील. मी म्हटलं, नाय रे, मागच्या खेपेनंतर तो नाय बोलनार. तो म्हनला, बोलनार. बघ तू." तिने एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "मला वाटलं व्हतं, ही पैज साईराज हरंल."

निकेशला आधी राग आला होता, तो बरा होता. त्याला जागा होती. ह्या बोलण्यानंतर रागाला कुठे टेकायचं ते त्याला समजेना. आपल्याला आईने फसवलं, भावाने वापरलं, हे खरंच होतं. ती दोघं फोनवर त्याच्याबद्दल असं बोलली होती, जसं गावात एखाद्या व्यसनी माणसाबद्दल बोलतात.

"आता माझ्या शब्दाला कोन विचारनार?" तो म्हणाला.

ठमाबाईने पुढची शेंग उचलली.

पाच वाजता स्टुडिओत फोन थांबत नव्हते. दिशाने पहिला हर्षदचा घेतला.

"निकेश, आमी तुझ्या शब्दावर खेळलो," हर्षद म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. तो ओरडला असता तर निकेशला सोपं गेलं असतं. "सात जन उजव्या पायाला वाकत व्हतो. आता एक सांग. तुला कोनी सांगितलं?"

"हर्षद—"

"नाव सांग. तुला कुनी बनवलं असंल तर तुझा काय दोष? आमी त्याच्याशी बोलू. तू मोकळा."

दिशाने काचेतून मान हलवली: सांग. तेही सोपं होतं. एक नाव घेतलं की निकेशचा शब्द पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला असता. चूक त्याची नव्हती, त्याला फसवलं गेलं होतं. आणि ते नाव गडबमध्ये राहत होतं, गडबच्या विहिरीवर पाणी भरत होतं, गडबच्या जत्रेत देवळात बसत होतं. कंपनीच्या साहेबांच्या घरीही रेडिओ होता.

"कुनी नाय सांगितलं," निकेश म्हणाला. "मीच ठोकून दिलं."



"ठोकून दिलंस," हर्षद म्हणाला. "म्हंजे हे सात वर्सांचं बी असंच?"

निकेशने हेडफोन काढून ठेवला. दिशाने जाहिरात लावली.

पुढच्या रविवारी साईराज घरी आला. ठमाबाईने बोंबलाचं कालवण केलं होतं. निकेश स्कूटर लावून आत आला तेव्हा दोघं कशावर तरी हसत होती. तो आला तसं दोघांचं हसणं थांबलं. हर्षदच्या फोनचा तो कार्यक्रम दोघांनी ऐकला होता. आईने पहिलं ताट त्याला वाढलं आणि साईराजने त्याच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

"कंपनीनं कायम केलं का रे?" निकेशने विचारलं.

साईराजने आईकडे पाहिलं.

"काय कळलं नाय अजून," ठमाबाई म्हणाली. "जेव तू."

दाराच्या आत, चपलांच्या शेजारी, कंपनीचे नवे सेफ्टी बूट होते. नाडीला साईराजच्या नावाचा पास अडकवलेला होता, त्यावर ‘कायम कामगार’ असं छापलेलं. निकेशने तो पाहिला आणि कालवणात भाकरी बुडवली.