सात नंबरचं गेट

गेट चार

पोकलेनच्या दोन धडकांत आडवं झालं. पोकलेन चालवणाऱ्या ताईला काही वाटलं नाही. जुनं राष्ट्रीय स्टेडियम पाडायचं काम तिनं मागून घेतलं होतं. परक्याच्या हातून ते पडू नये, एवढंच.

गेट पाच

चुकामूक झाली तर सात नंबरच्या गेटखाली थांबायचं, जागचं हलायचं नाही. हा आईचा नियम. अंतिम सामना सुटला, फुटबॉलवेड्या गर्दीत धाकट्या टिल्लूचा हात सुटला, आणि आई, बाबा, ताई धापा टाकत तिथेच आले. टिल्लू तेवढा आला नाही. तेव्हा नऊ वर्षांचा होता. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, बाबाही गेले. आई मात्र दर सामन्याला गेटखाली उभी.

"रस्ता चुकेल एक वेळ. नियम नाही विसरायचा तो."

गेट सहा

धूळ.

अजून सात नाही

"ताई, मशीन झोपलं की तुम्ही?" मुकादम ओरडला. "सात नंबर काय माहेर आहे का तुमचं?"

"तसंच समजा."

पत्र्याच्या कुंपणाशी आई उभी होती. ताई खाली उतरली.

"घरी जा ना गं. नाकातोंडात धूळ जाईल."

"तू पाडलंस आणि तो आला तर? थांबेल कुठे?"

"रस्त्यापलीकडे नवीन झालंय ना, आई."

"ते त्याला कोणी सांगितलंय?"

ताईनं आईच्या पदरावरची धूळ झटकली.

"तिथे नंबर आहेत?"

"रंग आहेत. समोरचं निळं."

आईनं घसा खाकरला. रिकाम्या गेटकडे तोंड करून, खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक मारावी तशी ती ओरडली, "टिल्लूऽ! इथे नाही थांबायचं आता. समोरच्या निळ्या गेटला ये. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ! आणि धावू नकोस, सांगून ठेवते!"

मुकादम उगीचच बुटाची नाडी बांधत बसला.

गेट सात

ताई मशीनवर चढली. दांडीवर हात ठेवला, पण ओढली नाही. लहान पावलांना रस्ता ओलांडायला वेळ लागतो.

रस्त्यावर एक ट्रक करकचून थांबला. पुढ्यात कोणी नव्हतं. काचेआडून ड्रायव्हर हातानं खुणावत होता, जा, जा, सावकाश.

ट्रक पुन्हा सुरू झाला.

मग ताईनं दांडी ओढली.