वेलबुट्टीची बॅटरी

"पुन्हा डाग. निकेलवाल्यानं पुन्हा डाग ठेवला. सांगून सांगून जीभ झिजली माही, पण त्याले ऐकाचंच नाही."

अन्सार हे नळीलाच सांगत होता. पितळेची नळी त्यानं नाकाला टेकेल इतकी जवळ धरली होती. हातभर अंतरावर त्याची बायको रहिमाबी बल्बमागची वाटी फडक्यानं घासत बसली होती. तिनं मान वर केली नाही. डाग नव्हताच. गेल्या दीड महिन्यात अन्सारला डाग फार दिसायला लागले होते, आणि ते सगळे निकेलवाल्याचे असायचे.

मग त्यानं नळीत सेल भरले. बटन दाबलं. सोडलं. दाबलं. सोडलं.

"मिस्बाहचे अब्बा, गिऱ्हाईक येईपर्यंत सेल संपतीन."

"संपू दे."

पूर्वी तो बटन तीनदा दाबायचा आणि बॅटरी फळीवर ठेवून द्यायचा. आता तो किती वेळा दाबायचा, हे मोजायचं रहिमाबीनं सोडून दिलं होतं. डाग कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. पण ते बोलायचं नाही, असं दोघांचं न ठरवता ठरलं होतं. एकाच ताटात जेवताना आपण ज्या बाजूचा घास घेत नाही, ती बाजू जशी ठरलेली असते, तसं.

अन्सार मूळचा भांड्यांवर नावं कोरणारा. वरूडमधल्या निम्म्या घरांत त्याच्या हातचं अक्षर होतं, कुणाच्या परातीवर, कुणाच्या पाण्याच्या गुंडावर. मग भांड्यांच्या दुकानांनी कोरायचं मशीन आणलं आणि त्याचं काम गेलं. त्याच सुमाराला लाइन जायला लागली. दिवसा बारा बारा तास वीज नाही आणि शेतातल्या मोटारीला मिळायची ती रात्रीच, आठवड्याची पाळी लावून. संत्र्याच्या बगिच्यांना पाणी द्यायचं तर माणसानं अंधारात उठावं. घरोघर बॅटऱ्या लागायला लागल्या. अन्सारनं पितळी नळीची बॅटरी बनवली, तिच्यावर वेलबुट्टी कोरली, निकेल चढवून आणलं आणि घेणाऱ्याचं नाव फुकटात घातलं. बाजारातल्या प्लास्टिकच्या बॅटऱ्या लोक हातात घेऊन बघायचे. अन्सारची दोन्ही हातांनी घ्यायचे.

पहिल्या बॅटऱ्यांना सरकवायचं बटन होतं, चांगलं जाडजूड, पाठीवर कुबड आल्यासारखं. रहिमाबीला ते आवडायचं. अंधारात अंगठा आपोआप तिथं जायचा. अन्सारला ते खुपायचं.

"वेल तिथं येऊन तुटते ना," तो म्हणायचा.

"वेलीले काय संत्री लागणार हायेत का?" रहिमाबी म्हणाली होती.

पण त्यानं कुबड काढलंच. नळीच्या पाठीशी सपाट बसणारं, बोटाला जेमतेम कळेल असं गोल बटन केलं आणि खाली नाजूक स्प्रिंग घातली. वेल टोकापासून टोकापर्यंत अखंड गेली. बॅटरी अशी देखणी झाली की रहिमाबीचंही तोंड बंद झालं. फेब्रुवारीत दोन बॅटऱ्या परत आल्या, बटन दाबलं तर आतच बसतं म्हणून. अन्सारनं कुणाला काही न सांगता पुढच्या सगळ्यांना जाड स्प्रिंग घातली. आधी विकलेल्या होत्या त्या होत्या.

संक्रांतीला संत्र्याच्या बगिच्याचा बुधाजी घेऊन गेला ती आधीचीच, नाजूक स्प्रिंगची.

एप्रिलच्या सुरुवातीला भाजी विकणारी माणिकबाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "त्या बुधाजीले बगिच्यात पान लागलं. रातच्या ओलितावर होता, झाडायले पाणी देत. दवाखान्यात नेईपर्यंत सरलं सारं." पान लागलं म्हणजे साप चावला, हे या मुलखात फोडून सांगावं लागत नाही.

अन्सारनं एवढंच विचारलं, "बॅटरी होती काय त्याच्यापाशी?"

"आता ते मले काय माहीत बाप्पा?"

अन्सार भेटायला गेला नाही. अंगात कणकण आहे म्हणाला. रहिमाबीनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला नाही, आणि जा असंही म्हणाली नाही.

म्हणून वैशाखातल्या त्या भर दुपारी पायरीशी चपला काढून बुधाजीची बायको मनकर्णा आत आली, तेव्हा रहिमाबीच्या हातातली वाटी घरंगळत भिंतीपाशी गेली. तिनं ती उचलली नाही. आधी गल्लीत डोकावून पाहिलं. मनकर्णाच्या मागं कोण आहे? गावात उत्तमराव होते, लोकांना अर्ज लिहून देणारे. त्यांची छत्री कुठं कोपऱ्यावर दिसते का? गल्ली मोकळी होती. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. शिकवून पाठवलेला माणूस एकटाच येतो.

"बसा ना बाई," ती म्हणाली. "मोठं वाईट झालं. आमी येणारच होतो."

"हो," मनकर्णा म्हणाली. का आला नाहीत, असं तिनं विचारलं नाही. रहिमाबीला तेही बरं वाटलं नाही.

संक्रांतीला ही बाई नवऱ्याबरोबर आली होती. अन्सार नाव कोरत असताना बुधाजी लहान लेकरासारखा वाकून बघत होता आणि ही हसून म्हणाली होती, "पाहा भाभी, लगन झाल्यापासून माह्याकडे असं नाही पाह्यलं कधी." आज तिनं पिशवीतून एक गुंडाळी काढली. शेल्याची एक घडी उलगडली, दुसरी उलगडली. आतून बॅटरी निघाली.

अन्सारनं ती हातात घेतली. त्याचा अंगठा बटनावर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं दाबलं. बल्ब लागला. पुन्हा दाबलं, विझला. दहा वेळा दाबलं. एकदाही चुकलं नाही. त्याच्या खांद्यातून काहीतरी उतरल्यासारखं रहिमाबीला दिसलं.

तिची नजर मात्र नळीवर होती. ओलितावरच्या माणसाची बॅटरी अशी असते? कुठं ओरखडा नाही, वेलीच्या खाचेत मातीचा कण नाही. बटनावरचं निकेल तर कालच चढवल्यासारखं. तीन महिने अंगठा पडला असता तर तिथं पितळ उघडं पडलं असतं. बदलून तर आणली नाही? पण नाव होतं, अन्सारच्याच हातचं, 'बु'चा उकार जरा जास्त खाली ओढलेलं.

"चांगली चालून राह्यली," अन्सार म्हणाला. आवाज मोकळा होता त्याचा, जरा जास्तच. "काय करून देऊ?"

"हिले खराब करून द्या."

"काय?"

"खराब. हे चकाकतं ते घासून टाका. वेल काढून टाका. वरून सायकलीची ट्यूब चढवा, काळी, पंक्चरवाल्याकडची. अशी करा की कोणाचा जीव नाही लागला पायजे."

अन्सारनं रहिमाबीकडे पाहिलं. रहिमाबीनं मनकर्णाकडे. तर हे होतं. ही अर्ज करणार नव्हती, भांडणार नव्हती. ज्या हातांनी सजवली त्याच हातांनी बिघडवायला लावणार होती, आणि आपण समोर बसून बघणार होती. रहिमाबीला वाटलं, मी असते तर मीही हेच केलं असतं.

"दुसरी घेऊन जा," अन्सार घाईनं म्हणाला. "ते पाहा, साधी हाय, जाड बटनाची. पैशाचं नाव नका काढू. ही घरात राहू द्या, त्यायची निशाणी."

"ही चांगली घरात नको मले."

"बाई, पण—"

"तुमी कराले नाही म्हणत असान तं दगडावर आपटून मी करतो. पण मंग लागणार नाही ती. मले लागणारी पायजे."

अन्सारनं कानस काढली. नळी फडक्यात धरून चिमट्यात बसवली आणि वेलीच्या पहिल्या पानावर कानस ठेवली. ठेवून बसला. मग एकदम ओढली. खर्र आवाज झाला आणि निकेलखालचं पितळ पिवळं दिसलं. हे पान कोरायला त्याला अर्धा दिवस लागला होता, हे रहिमाबीला ठाऊक होतं. तिनं उठून चहा ठेवला. कपबशी मनकर्णापुढं ठेवली.

"आता ओलिताले कोण जाते?" तिनं विचारलं.

"मी अन् पोरगी माया. दोनशे झाडं हायेत, सोडून कशी देऊ? पाणी तसंही खोल गेलं, हप्ताभर नाही देलं तं फळ गळून जाते." मनकर्णानं बशी तोंडाला लावली नाही. "पुढं मायाच रायते. बॅटरी तिच्यापाशीच. ओढणीत गुंडाळते अन् कमरेले बांधते. बाबाची वस्तू म्हणते."

"अन् लावत नाही?"

"नाही."

"मंग तिले सांगा ना लाव म्हणून. तुमी माय हाये तिची."

"सांगाले तोंड पायजे," मनकर्णा म्हणाली.

कानस चालू होती. पितळेचा भुगा अन्सारच्या मांडीवर पडत होता. रहिमाबीला ते वाक्य कळलं नाही, म्हणजे तिनं ते आपल्या परीनं कळून घेतलं. पोरीला काय सांगणार ही? बाप ज्या बॅटरीच्या भरवशावर गेला तीच लाव म्हणून? आणि ती पोरगी आजही त्याच बटनावर अंगठा ठेवून अंधारात शिरणार. दहा वेळा लागलं म्हणून अकराव्यांदा लागेलच असं कुठं आहे?

"एक सांगू का, बाई?"

कानस थांबली.

"त्या येळच्या बटनात खोट होती. आत जाऊन बसायचं. दोन वापस आल्या तवा आमाले माहीत पडलं. तुमाले निरोप धाडाले पायजे होता. नाही धाडला." ती अन्सारकडे न बघता बोलत होती. "वेल तुटू नये म्हणून तसं बटन केलं होतं. मी पाहून राह्यली होती. मीही गप्प बसली."

अन्सारनं मान खाली घातली होती ती तशीच ठेवली. मांडीवरचा भुगा झटकत तो म्हणाला, "खरं हाय. मायाची बॅटरी आज जाड बटन बसवूनच देतो. बाकी तुमी जे म्हणसान ते."

मनकर्णा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकल्यासारखी.

"बटन?" ती म्हणाली. "बटन कवा दाबलं त्यानं?"

"संक्रांतीपासून ही शेल्यातच होती. पावणे आले की काढाची, दाखवाची, पुन्हा गुंडाळून ठेवाची. बगिच्यात जुनी प्लास्टिकची जात होती. ते फुटली तं काही दिवस तसाच गेला, पायाले रस्ता पाठ हाय म्हणे."

"मंग त्या राती..." अन्सार म्हणाला.

"त्या राती घेतली होती हातात. पहिल्यांदाच. आज अंधार लय हाय म्हणे." मनकर्णानं बशी खाली ठेवली. "माया झोपली होती. तिले माहीत नाही. कोणालेच माहीत नाही. मीच काढून घेतली त्याच्या हातातून. म्हटलं, एवढी चांगली वस्तू चिखलात काहून नेता? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घेऊन मिरवजा."