डब्यांवरच्या चिठ्ठ्या

स्मरणशक्ती कशी जपावी हे लोकांना सांगण्याचा मला पगार मिळतो. आरोग्य केंद्रातर्फे मी कारखान्यांत, शाळांत, सभागृहांत जाते आणि घसा कोरडा होईपर्यंत बोलते. चाला, रक्तदाब तपासा, माणसांत राहा, डोक्याला काम द्या. खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण धोका कमी होतो. लोक माना डोलावतात आणि चहा कुठे ठेवलाय ते बघतात.

घरात मात्र माझी तऱ्हा वेगळी. आईला स्मृतिभ्रंश झाला होता. शेवटच्या वर्षी ती मला विचारायची, तुम्ही कुणाकडे आलात? ती गेल्यावर मी बाबांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागले. एक दिवस ते घरभर चष्मा शोधत होते आणि तो कपाळावरच होता. कुणालाही होतं असं, पण मला आईच्या आजाराची सुरुवात आठवली. त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. पुढे त्यांची औषधं मीच मोजून देऊ लागले, बाजारहाट माझ्याकडे घेतली आणि एकटं बाहेर पडायचं नाही असा फतवा काढला. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस मुकाट्याने खिडकीत बसला. मला वाटलं, किती समजूतदार आहेत.

चार महिन्यांनी आमच्याच रस्त्यावरच्या वाचनालयात माझं भाषण होतं. बाबांना हाताला धरून नेलं आणि मागच्या रांगेत बसवलं. भाषणानंतर आम्ही सगळ्यांकडून एक कागद भरून घेतो, त्यावर नाव लिहायचं नसतं. दुसऱ्या दिवशी केंद्रात गठ्ठा चाळताना सिस्टरांनी एक कागद हसत हसत माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, हे आजोबा भारीच मिश्कील दिसतात.

अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं. गेल्या आठवड्यात कुणाला भेटलात? 'मुलीला.' नवीन काय शिकलात? 'गरज पडत नाही, सगळ्यावर लिहिलेलं असतं.' स्वतः ठरवून कुठे गेलात? 'मुलीला विचारून सांगतो.'

मला हसू येईना. आईचं एकेक काम काढून घ्यायला आजाराला कितीतरी वर्षं लागली होती. बाबांचं सगळं मी चार महिन्यांत काढून घेतलं, तेही ते धडधाकट असताना. मला स्वतःची लाज वाटली.

आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. संध्याकाळी मी केंद्राच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि वाटाल का, असं विचारलं. त्यांनी तो हातात तोलून बघितला आणि पत्त्यांची यादी मागितली. यादी नाही, तुम्हीच ठरवा, म्हटलं. ते उठले आणि जुने बूट शोधायला गेले.

सकाळी नऊला निघाले. अकरापर्यंत येतो म्हणाले होते. मी सुट्टी टाकून घरात होते. साडेबारा वाजेपर्यंत चार वेळा फोन उचलला आणि चार वेळा खाली ठेवला. जीव टांगणीला लागला होता. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून डब्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या.

एक वाजता आले, घामाघूम. तीन पत्रकं उरली होती. त्या घरांना कुलूप होतं, उद्या पुन्हा जाणार. कोपऱ्यावरच्या शिंप्याने आयुष्यात कधी रक्तदाब मोजलेला नाही, त्याला सोमवारी केंद्रात पाठवतोय, हेही सांगितलं. मी चहा करून कप त्यांच्या हातात दिला.

एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"मीठ घातलंस. साखर डावीकडून तिसऱ्या डब्यात. तुझी आई पहिल्यापासून तिथेच ठेवायची." कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "चार महिने तूही नुसत्या चिठ्ठ्याच वाचत होतीस."

मी तो चहा मोरीत ओतला, नवं आधण ठेवलं आणि डावीकडून तिसरा डबा उचलला.