दगडाने धरून ठेवलेलं नाव

मी एक जुना शिळाछापाचा दगड आहे. मित्रांनो, दगडाला मन नसतं असं तुम्हांला कुणी सांगितलं असेल, तर त्याने माझ्याशी कधी वैर घेतलेलं नाही.

बव्हेरियाच्या खाणीतून मला बासेलच्या छापखान्यात आणलं आणि वाळू-पाण्याने घासून सपाट केलं. माझ्यावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, कागदावर ते सुलटं उतरतं. चॉकलेट, छत्र्या, घड्याळं, कशाकशाच्या जाहिराती मी छापल्या. वाहवा चित्रकाराची व्हायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एकोणीसशे एकावन्नच्या हिवाळ्यात छापखान्यातली चित्रकार वेरेना रूएग माझ्यापाशी बसली. गृहिणींच्या एका मासिकाच्या मलपृष्ठावर लोकरीच्या धाग्याची जाहिरात यायची होती. अकरा दिवस खपून तिने एकच मोजा काढला, अर्धवट रफू केलेल्या टाचेचा, नुसत्या काळ्या रंगात. डाव्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. नमुना निघाला तेव्हा छपाई करणाऱ्या म्हाताऱ्या क्योबीने टाचेवरून बोट फिरवून पाहिलं. संपादिका इझेलिनबाईंनी सांगून ठेवलं होतं, मलपृष्ठावर ज्याची सही, त्याला वर्षभराचं काम. वेरेनाला ते हवंच होतं.

छापखान्याचा मालक श्टाउफरलाही हवं होतं. आयत्या बिळावर नागोबा! शुक्रवारी सकाळी त्याने पात्याने तिचं नाव खरवडलं आणि उजव्या कोपऱ्यात स्वतःचं लिहिलं.

"साहेब, नुसतं खरवडून भागत नाही," क्योबी म्हणाला. "तेल आत मुरलंय. आम्ल आणि डिंकाचं पाणी लावून तासभर ठेवू द्या."

"तुझा तास म्हणजे संध्याकाळ. बाराची गाडी आहे माझी, डोंगरात बर्फ पडलाय, स्कीइंगला जायचंय. छाप मुकाट्याने!"

पहिला कागद स्वच्छ निघाला. त्यावर मंजुरीची सही ठोकून तो गेला. त्या सहीनंतर आमच्याकडे मालकाशिवाय कुणी छपाई थांबवत नाही की दगडावरचं काही बदलत नाही.

मी डूख धरलाच होता. प्रत्येक कागदाला खरवडल्या जागी शाई ओढत गेलो. दोनशेव्या कागदावर डाग आला, पाचशेव्यावर नाव वाचता येऊ लागलं. क्योबीने कागद उजेडात धरला आणि मला म्हणाला, "साहेबांची सही आहे बाबा. आपण कोण थांबवणारे?" सोमवारी श्टाउफर उगवला तोवर तीन हजार प्रती बांधणीला गेल्या होत्या.

इझेलिनबाई अंक घेऊन छापखान्यातच आल्या. "ही डाव्या कोपऱ्यातली कोण?"

"ती होय? रंग मिसळून द्यायची," श्टाउफर म्हणाला.

"एकट्या काळ्यात काय मिसळलं हो तिने?"

काम वेरेनाला मिळालं. चिडलेल्या श्टाउफरने वाळू घेऊन मला स्वतःच्या हाताने घासलं. नाव गेलं, पण त्यासोबत मोजाही गेला. आठवड्याने लोकरवाल्यांनी आणखी हजार प्रती मागितल्या. टोपी हातात घेऊन तो वेरेनासमोर उभा राहिला.

"काढते की साहेब," ती म्हणाली. "आधी सही करते, मग टाच."

त्या घासण्याने मी इतका पातळ झालो की यंत्राखाली तडकेन, म्हणून मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे. मित्रांनो, जुन्या दगडांना जपा, त्यांच्यावरची धूळ झटका. पण दुसऱ्याच्या राबण्यावरचं नाव खरवडणाऱ्याला मुळीच जपू नका. मी जपलं नाही, आणि त्याचा मला आजही आनंद होतो.