नजर पडद्यावर ठेवा

मित्रांनो, मला मान नाही, त्यामुळे मागे वळून पाहणं माझ्या नशिबात नाही. आज मात्र तेच करणार आहे. मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नात मिरवणारा ऐटबाज कॅमेरा नव्हे. संगणकाच्या पडद्यावर चिमट्याने बसवतात, तो अंगठ्याएवढा वेबकॅम. मला एकच डोळा आहे आणि पोटात एक बारीकसा कान आहे. समोर असेल तेवढंच मला दिसतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. तिथे पांढरी टोपी घातलेली एक बाई आम्हा सगळ्यांची तपासणी करत असे. डोळा नीट उघडला की नाही, हे पाहायला ती आमच्यासमोर जीभ बाहेर काढून वेडावून दाखवायची. मी या जगात पाहिलेला पहिला चेहरा असा होता. त्यामुळे माणसं मजेशीर असतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पुढे एका दुकानात खिळ्याला लटकत असताना एका तरुणाने मला विकत घेतलं. तो घरातला धाकटा. नोकरीसाठी परदेशी निघाला होता, आणि मागे राहणाऱ्या वडिलांना आपला चेहरा दिसावा म्हणून त्याने मला त्यांच्या संगणकावर बसवलं. आई या घरात नव्हती. ती फक्त भिंतीवरच्या फोटोत होती. घरी राहिले दोघं, वडील आणि थोरली बहीण.

वडील एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. परीक्षेच्या वर्गात पाऊल टाकताच ते म्हणायचे, "टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे." मुलांनी त्यांचं नाव टाचणी सर ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मुलाशी बोलायचं म्हटलं की ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासमोर ताठ बसायचे आणि असे ओरडायचे, जणू आवाज स्वतःच्या जोरावर परदेशी पोचवायचा आहे. थोरली हसून म्हणायची, "बाबा, हळू. त्याच्या शेजाऱ्यांना आपली भाषा येत नाही." ते माझे सुखाचे दिवस होते. बोलणं झालं की सर रुमालाने माझा डोळा हलकेच पुसत असत.

मग घरात डोळे असलेले मोबाइल आले आणि माझी रवानगी खणात झाली. गरज सरो, वैद्य मरो. तुटक्या चार्जरांच्या आणि वाळलेल्या पेनांच्या संगतीत मी धूळ खात पडून राहिलो. कुणी खण उघडला की मला वाटायचं, माझ्यासाठीच. पण ते कात्री शोधत असायचे.

एके दिवशी मात्र खरंच माझ्यासाठी खण उघडला. थोरली एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेण्याचं काम करत होती. जागा हंगामी होती. पदवी हातात आली तर कायम होणार होती, आणि त्या पदवीचा शेवटचा पेपर राहिला होता. हा पेपर गेला तर वर्ष गेलं, आणि वर्षभर ती जागा कुणी तिच्यासाठी राखून ठेवणार नव्हतं. परीक्षा घरी बसून द्यायची होती, विद्यापीठाच्या नजरेखाली. ती नजर म्हणजे मी. मित्रांनो, माझी छाती किती फुगली म्हणून सांगू! कालपर्यंत खणात लोळणारा मी, आज पर्यवेक्षक झालो होतो.

विद्यापीठाने नियमांचा भला मोठा गठ्ठा पाठवला होता. सरांनी चष्मा पुसला आणि ते पडद्यावरून एकेक नियम मोठ्याने वाचू लागले. परीक्षार्थीने खोलीत एकटे असावे. दार बंद असावे. कानात काही घालू नये. ओठ हलवू नयेत. नजर पडद्यावर ठेवावी. जागेवरून उठू नये. प्रत्येक नियमानंतर ते थोरलीकडे असे बघत, जणू तिने तो आधीच मोडला आहे.

मग ते थबकले. "इथून पुढे सवलती आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी पानं पुढे सरकवली.

"वाचा की," थोरली म्हणाली.

"कशाला? सवलती वाचल्या की मन ढिलं पडतं. प्रामाणिक माणसाला त्या लागत नाहीत."

"बाबा, तुमची शाळा कधी सुटणार हो?"

मीही तेव्हा हसलो होतो. आज ते आठवलं की माझ्या तारेतून थंडगार काहीतरी सरकतं.

परीक्षेच्या आधी सरांनी घराचा कारभार हातात घेतला. दाराच्या घंटेची वायर काढली. कुकर लावायचा नाही, मिक्सर चालवायचा नाही, असा हुकूम स्वतःलाच सोडला, कारण स्वयंपाक तेच करत. शेजारच्या काकूंना बजावून आले, "आज खिडकीतून हाक मारायची नाही." काकू म्हणाल्या, "सर, मी श्वास घेतला तर चालेल ना?" सर हसले नाहीत. एवढ्यावर भागलं नाही. आपल्या चपला फरशीवर वाजतात हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून त्यांनी त्या दाराबाहेर काढल्या आणि जाड लोकरीचे मोजे चढवले. मांजराच्या पावलांनी ते स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं.

थोरलीने मला हातात धरून खोलीभर फिरवलं. भिंती, टेबलाखाली, पलंगाखाली, छत. सगळं पाहून मी वर कळवलं की मुलगी एकटी आहे. मग तिने मला जागेवर बसवलं आणि पेपर सुरू झाला. संगणकातला प्रोग्रॅम माझ्या डोळ्यातून तिचे डोळे मोजत होता आणि माझ्या कानातून तिची शांतता. ती खाली मान घालून नव्हे, सरळ समोर बघून उत्तरं टंकत होती. पेपर तिला सोपा जात होता. कपाळावरची आठी विरलेली मला दिसत होती.

पेपर अर्ध्यावर आला असेल. पलीकडे घाईघाईने सरकलेली पावलं ऐकू आली, आणि मग एक आवाज झाला. भांड्याचा खणखणाट, आणि त्याच्याखाली काहीतरी जड, धप्प.

थोरलीने झटकन दाराकडे पाहिलं. तिच्या चष्म्याच्या काचांत मला पडद्यावरची ओळ उलटी दिसली: नजर पडद्यावर ठेवा.

"बाबा?" ती म्हणाली.

क्षणभर काही नाही. मग सरांचा आवाज आला, अगदी रोजचा. "काही नाही. पातेलं पडलं. लिही तू."

काचांत दुसरी ओळ उमटली, तांबड्या रंगात. पुन्हा बोलणे आढळल्यास परीक्षा रद्द होईल.

ती पडद्याकडे वळली. तिने पुन्हा लिहायला घेतलं. पण मित्रांनो, आता मी जे पाहिलं ते कुणाला मोजता आलं नाही. तिची बोटं कळांवर अडखळत होती. एकदा तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकदा ती खुर्चीतून निम्मी उठली आणि परत बसली. तिची नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती, आणि दर वेळी मी इमानेइतबारे वर कळवत होतो: नजर हलली, नजर हलली. एखाद्या चुगलखोर पोराने बाईंना सांगावं, तसं. पलीकडे अगदी शांत होतं. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

शेवटचं उत्तर देऊन तिने पेपर पाठवला आणि धावत गेली. धक्क्याने मी घसरून टेबलावर आडवा झालो. मला आडवी भिंत दिसत होती आणि पलीकडून तिची हाक ऐकू आली. एकदाच.

बाकीचं मला काकूंच्या तोंडून कळलं, त्या रात्री घर आवरायला आल्या तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. दूध उतू जायला लागलं होतं. ते शेगडीवर पडून फसफसेल, म्हणून सर गॅस बंद करायला लगबगीने गेले आणि गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी दगा दिला. कमरेचं हाड मोडलं. "तोंडात ओटा पुसायचं फडकं धरून पडले होते हो," काकू म्हणाल्या. "दातांनी आवळून. आवाज जाऊ नये म्हणून. फडकं सोडवलं तर पहिलं वाक्य काय, तर पेपर पुरा झाला ना?"

मी सुन्न झालो. पेपर अर्ध्यावर असताना ते पडले होते. राहिलेला सगळा वेळ तो माणूस माझ्या कानापासून एका भिंतीच्या अंतरावर फडकं चावत पडला होता, आणि मी कळवत होतो की मुलीची नजर हलते आहे.

सरांवर शस्त्रक्रिया झाली. ते वॉकर धरून चालू लागले, तोवर निकाल आले. थोरलीचा निकाल मात्र राखून ठेवला होता. गैरप्रकाराचा संशय. मी पाठवलेलीच सगळी साक्ष तिच्या विरोधात उभी राहिली होती.

चौकशीही माझ्यासमोरच झाली. पडद्यावर समितीच्या अध्यक्ष मॅडम आणि परीक्षा विभागाचे एक साहेब होते. मला त्यांचे आवाज तेवढे येत होते. थोरली माझ्यासमोर बसली. शेजारी सर, इस्त्रीचा सदरा घालून, हात तिच्या खांद्यावर.

साहेबांनी ध्वनिमुद्रण वाजवलं. सरांचा आवाज खोलीत पुन्हा घुमला, लिही तू. "हा पुरुष कोण?" साहेबांनी विचारलं. "आणि तुम्ही सतत डावीकडे कुणाकडे बघत होता? तिकडून कुणी उत्तरं दाखवत होतं?"

सरांचा चेहरा पांढरा पडला. ज्या माणसाने आयुष्यभर कॉपी पकडली, त्याच्यावर कॉपी पुरवल्याचा आळ आला होता. पण त्यांनी आवाज चढवला नाही. "तो आवाज माझा. पातेलं पडलं म्हणालो ते खोटं होतं. मी पडलो होतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं, फडक्यासकट.

मॅडमनी मधेच विचारलं, "अहो, तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"परीक्षा चालू होती," सर म्हणाले. इतकं साधं काय विचारता, असा त्यांचा स्वर होता.

"आणि तुम्हाला?" मॅडमनी थोरलीला विचारलं. "तुम्हाला कळलं नव्हतं?"

नाही म्हणाली असती तर तिथेच सुटली असती. ते खोटं पाडणारी साक्ष माझ्याकडे नव्हती.

"कळलं होतं," थोरली म्हणाली. "नुसतं पातेलं पडलं तर ते गोल फिरून वाजत राहतं. हा आवाज तसा नव्हता. बाबा पडलेत हे मला कळलं होतं. मी कॉपी नाही केली, मॅडम. मी लिहीत बसले."

सर चमकून तिच्याकडे बघत राहिले. आपण तिच्यापासून लपवलं, याच समाधानावर त्यांनी ते दुखणं काढलं होतं. मग त्यांचे डोळे भरले आणि खांद्यावरचा हात तिच्या पाठीवर थोपटू लागला. "शाबास," ते हळूच म्हणाले.

मग पडद्यावरून मॅडमचा आवाज आला. "तुम्ही हात वर करून कॅमेऱ्याला सांगितलं असतंत, तर आम्ही परीक्षा थांबवली असती. राहिलेला पेपर नंतर घेतला असता. घरात असं काही झालं तर तशी सोय आहे. नियमांतच आहे ते."

"मला माहीत नव्हतं," थोरली म्हणाली.

"सवलतींच्या भागात आहे."

पाठीवरचा हात थांबला. सरांनी तो उचलून वॉकरच्या दांड्यावर ठेवला. "असा भाग आहे हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी पानं पुढे सरकवली."

मित्रांनो, त्या कारखान्यातल्या बाईपासून आजवर मी कितीतरी चेहरे पाहिले. त्या क्षणी बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं, तसं पाहताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मला पापणी असती तर मी ती मिटली असती.

समितीने तिला निर्दोष ठरवलं. पदवी मिळाली, जागा कायम झाली. काकूंनी येऊन दोघांचं तोंड गोड केलं. मी अजून त्याच पडद्यावर बसलेला असतो. पण थोरलीने माझ्या डोळ्यावर कागदाची चिकटपट्टी लावली आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ऐकू मात्र येतं. वॉकर फरशीवर टेकतो, एक पाय घासत पुढे येतो. थोरली कुठेही असो, हातातलं काम टाकून विचारते, "बाबा, ठीक ना?" रात्री, पहाटे, फोनवर बोलताना मधेच. सर दर वेळी उत्तर देतात. चिडत नाहीत.

मित्रांनो, कॉपी करू नका, हे तर मी सांगणारच; त्याच कामाला मला खणातून काढलं होतं. नियम पाळा. पण पाळायचे तर सगळे वाचा, शेवटच्या पानापर्यंत. आणि एवढं करूनही कधी पलीकडच्या खोलीत जड काहीतरी पडलं, तर पेपर तसाच टाका आणि उठा. मी लगेच तुमची चुगली करीन, तांबडी ओळ दाखवीन, तुमचं नाव वर कळवीन. कळवू द्या मला. मी फक्त तुमचे डोळे बघतो. भिंतीपलीकडे कोण पडलं आहे, ते तुम्हालाच जाऊन बघावं लागेल.