मुतिंताबाईंना मी टेकडीवर पोचवलं

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो! माझ्यावर विश्वास ठेवायची सवय या अदिस अबाबा शहरानं केव्हाच सोडली आहे.

मी एक जुनी टॅक्सी आहे. खाली निळी, वर पांढरी. निळं कुठं संपतं आणि गंज कुठं सुरू होतो, हे आता माझं मलाही कळत नाही. गुलेले भागातल्या चढाखाली चार दगडांवर मला बसवून ठेवलं आहे. माझ्या बॉनेटवर एतेते आस्काले कॉफी भाजतात. एतेते म्हणजे थोरली ताई. त्या माझ्याहून खरंच थोरल्या की धाकट्या, यावरून आमचं रोज वाजतं. माझ्या मागच्या सीटवर त्यांचं कोळशाचं पोतं असतं. ज्या सीटवर नवऱ्या मुली बसून सासरी गेल्या, त्या सीटवर कोळसा! माझा संताप का होतो, ते आता कळलं ना?

"सांग, सांग," आस्काले म्हणतात. "माझे हात कामात आहेत. कान रिकामेच आहेत."

तर ऐका. माझा जन्म रशियातला. तिथं माणूस थुंकला तर खाली बर्फाची गोळी पडते. माझा पहिला हॉर्न वाजला तेव्हा कारखान्यामागच्या झाडावरून एक अस्वल खाली पडलं होतं. जहाजातून आणि मग आगगाडीतून मी इथं आले. आमच्या डोंगरावरची हवा विरळ. माझ्याबरोबर आलेल्या निम्म्या गाड्यांना धाप लागली. मला लागली नाही. गाशे दाग्नेंनी मला निवडलं ते उगाच नाही. तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. माझ्या चाकामागे बसून बसून त्यांची मिशी पांढरी झाली आणि लोक त्यांना गाशे, म्हणजे मोठे दादा, म्हणू लागले.

काय दिवस होते ते! अडलेल्या बायकांना मी दवाखान्यात नेलं. सणाला माझ्या टपावर मेंढ्या बसून जायच्या, आणि कापायला निघालेली मेंढीसुद्धा माझ्या टपावर खूश असायची. "दाग्नेची गाडी म्हणजे सोनं," असं लोक म्हणायचे. मग त्याच लोकांनी मला "डबा" म्हणायला सुरुवात केली. तोंड तेच हो, फक्त शब्द बदलला.

आणि मग या चढाच्या वर, टेकडीवर, एक हॉटेल झालं.

त्या हॉटेलच्या फाटकाचा मला आजही राग येतो. नुसता राग नाही, तळपायाची आग मस्तकाला जाते. पाय नाहीत, तरी जाते! फाटकाच्या आत चकचकीत पिवळ्या टॅक्सी उभ्या राहायच्या. आम्ही निळ्यांनी बाहेर, गटाराच्या काठाला. रखवालदार पाहुण्यांना सांगायचा, "त्यात बसू नका, ती मोडेल." गाशे दाग्ने हे ऐकून घ्यायचे, कारण बाकीचे सगळे थांबे मिनीबसवाल्यांनी वाटून घेतले होते. त्या गटारकाठाखेरीज त्यांना या शहरात उभं राहायला जागाच नव्हती.

आणि ते पाहुणे! प्रवासी या जातीबद्दल मला विचारा. विमानतळावरून हॉटेल, हॉटेलातून बैठक, बैठकीतून हॉटेल. काचा वर, नजर फोनमध्ये. घरी जाऊन सांगतात, "आम्ही अदिस पाहिलं." काय पाहिलं? ड्रायव्हरचं टक्कल पाहिलं! काहीजण फाटकाबाहेर यायचे, माझ्या बॉनेटवर कोपर टेकून फोटो काढायचे, "किती गोड!" म्हणायचे आणि जाऊन पिवळीत बसायचे. मी काय बाहुली आहे?

एके दिवशी मात्र मुतिंताबाई आल्या. त्या झांबियातल्या, लुसाकाच्या. त्यांचा बुटांचा कारखाना होता आणि चामडं घ्यायला त्या आठवडाभर आल्या होत्या. काळा कोट, हातात मोठी बॅग. त्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं.

"मला मर्कातोचा बाजार बघायचाय," त्या पिवळ्या गाडीवाल्याला म्हणाल्या. "चामड्याची गल्ली, मसाल्याची गल्ली, सगळं."

"तिकडं नको मॅडम. गर्दीत गाडीला ओरखडे पडतात. त्यापेक्षा मी तुम्हाला मॉल दाखवतो."

"मॉल आमच्या लुसाकात आहेत," बाई म्हणाल्या, आणि तरातरा फाटकाबाहेर येऊन माझं दार त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलं. दार हातात आलं नाही. हे मुद्दाम सांगते.

हॉटेलचा मॅनेजर येशितिला धावत आला. कोटाची बटणं पोटावर ताणलेली. "मॅडम, हे भंगार आहे! तुमचं विमान चुकेल!"

गाशे दाग्ने शांतपणे बाहेर आले. "भंगार कुणाला म्हणतोस रे? तुझ्या आईला कळा आल्या तेव्हा हिच्यातूनच नेलं होतं. तू वाटेतच झालास. तुझं पहिलं रडणं हिनं ऐकलंय, येशितिला. तेव्हा तुझ्या अंगावर कोट नव्हता."

रखवालदार हसला. मॅनेजर वांग्यासारखा जांभळा झाला.

"ठीक आहे, गाशे," तो दात खात म्हणाला. "विमानतळाची बस सुटायच्या आत बाईंना परत आणा. आणलंत, तर उद्यापासून तुमचा हा डबा फाटकाच्या आत, पिवळ्यांच्या रांगेत. नाही आणलंत, तर बाहेर गटाराशीसुद्धा दिसायचं नाही."

"कबूल," गाशे म्हणाले. ते येऊन माझ्या चाकामागे बसले.

मित्रांनो, शहर बघावं ते आधी नाकानं. मर्कातोत बाईंनी मुंडी खिडकीबाहेर काढली ती आत घेतलीच नाही. लाल मिरचीनं शिंकल्या, कच्च्या चामड्याच्या वासानं हसल्या. एक हमाल डोक्यावर गाद्यांचा डोंगर घेऊन आडवा आला, तर उतरून त्याला वाट करून दिली. दुकानदारांशी असं भांडून भाव केले की एक म्हातारा म्हणाला, "हिला सून म्हणून कुणी आणलं तर मी दुकान सोडून देईन." चामड्याच्या नमुन्यांनी बॅग टम्म फुगली. मग गाशेंनी सूर्याकडे पाहिलं आणि हॉटेल लवकर गाठावं म्हणून मला गुलेलेतल्या जवळच्या वाटेच्या गल्लीत घातलं.

आणि गल्लीत तंबू!

पांढरा, आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मर्तिकाचा तंबू. आत बाकांवर माणसं गप्प बसलेली, बायकांच्या शालींचे काठ मानेशी आवळलेले.

"गल्लीतले आबा बिराटू गेले वाटतं," गाशे पुटपुटले आणि त्यांनी मला बंद केलं.

आता तुम्ही म्हणाल, मागं फिरवायची. कशी फिरवणार? गाशे त्या गल्लीच्या इदिरमधले. इदिर म्हणजे आमची मर्तिकाची मंडळी. तंबू त्यांचा, बाकं त्यांची, पातेली त्यांची आणि रडायला येणारी माणसंही त्यांचीच. इदिरच्या माणसानं तंबूला पाठ दाखवली, तर त्याच्या स्वतःच्या मर्तिकाला कुत्रंही येत नाही.

"बाई, थोडा वेळ बसा. मी आत टेकून येतो," असं म्हणून गाशे गेले आणि पुरुषांत मान खाली घालून बसले. तिथं बोलायचं नसतं.

मुतिंताबाईंना वाटलं, माणूस गेलाय आणि आपण गाडीत बसून राहणं बरं दिसत नाही. त्या उतरल्या. नमुन्यांची बॅग सोडवेना म्हणून ती हातात घेतली. आणि घोटाळा झाला.

आमच्याकडे एक रीत आहे. परदेशी गेलेल्या लेकराला बाप गेल्याचं कुणी फोनवर सांगत नाही. "जरा काम आहे, ये," एवढंच सांगतात. ते आलं की माणसांच्या गराड्यात बसवून, हात धरून मग सांगतात. आबा बिराटूंची लेक अयंतू, कडेवर असताना मामाबरोबर परदेशी गेलेली, तिचीच त्या दिवशी वाट बघत होते. आणि आली कोण? काळा कोट, फुगलेली बॅग, दाग्नेच्या गाडीतून!

"आली ग, आली!"

"तिला माहीत नाही. बघ ना, डोळे कसे कोरडे आहेत."

"शूऽऽ! तोंडातून अक्षर काढू नका. थोरल्यांना बोलवा."

"कपाळ बघा. हुबेहूब आबांचं."

"आबांचं कपाळ तू कधी पाहिलंस ग? जन्मभर टोपी होती डोक्यावर!"

बाईंना मधल्या बाकावर बसवलं. एकीनं पाणी दिलं, एकीनं बॅग काढून घेतली, दोघींनी हात धरले. बाईंना काही उमजेना. त्यांनी इंग्रजीत हळूच विचारलं, "कोण गेलं?"

शेजारी एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी भाषांतर केलं, "ती विचारतेय, कोण गेलं."

सगळा तंबू हुंदक्यानं हलला. "अग बाई ग! भाषासुद्धा विसरली, आणि विचारतेय कोण गेलं!"

मग सगळ्यात म्हातारा माणूस उठला. बाईंच्या समोर गुडघ्यावर बसला. "पोरी," तो म्हणाला, "इथं राहायला कुणीच आलेलं नाही. आम्ही सगळे तुझ्याजवळ आहोत. तुझे बाबा गेले."

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं.

मी खिडकी उघडी ठेवून ऐकत होते. मला वाटलं, आता बाई म्हणतील, "काहीतरी चूक होतेय." पण कुठलं काय! त्या वाकल्या, आणि अशा रडायला लागल्या की रडून दमलेल्या बायकासुद्धा नव्यानं रडू लागल्या.

गाशे दाग्नेंनी मान वर केली आणि ते ताडकन उठले. "अरे देवा! ही अयंतू नाही! लुसाकाची बाई आहे, माझं गिऱ्हाईक आहे!"

म्हातारा गुडघ्यावरून उठेना. मास्तरांनी घाबरत घाबरत बाईंना विचारलं. बाईंनी डोळे पुसले.

"माझेही बाबा गेलेत," त्या म्हणाल्या. "काही वर्षं झाली. मी कामासाठी परगावी होते. विमानतळावर रांगेत उभी असताना फोनवर वाचलं. रांग पुढं सरकली, मीही सरकले. असं हात धरून मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तेवढ्यात मागून एक बाई पातेलं घेऊन आल्या. त्या म्हणजे या आपल्या आस्काले. म्हणाल्या, "मग आमचं चुकलं कुठं? बाप गेला तो गेलाच ना? धर, घुगऱ्या खा. तंबूतून उपाशी जायचं नसतं."

बाईंनी उकडलेले गहू-हरभरे ओंजळीत घेतले आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. मग घड्याळ पाहिलं आणि किंचाळल्या, "माझं विमान!"

गाशेंचा चेहरा राखेसारखा झाला. विमानापायी नव्हे हो. त्या गटारकाठापायी! तीही जागा आता जाणार होती.

म्हातारा म्हणाला, "आपल्या चुकीपायी पाहुणीला उशीर झाला. तंबू उचला." मर्तिक चालू असताना तंबूची दोरी सुटलेली त्या गल्लीनं कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. कनात वर झाली, बाकं भिंतीला लागली, आणि माझ्यापुढं वाट मोकळी झाली.

आणि मग, मित्रांनो, मी सुरू झाले!

काय ती गर्जना! शहरामागच्या एन्तोतो डोंगरातले तरस बिळात आणखी आत शिरले. तो चढ असा आहे की माणूस वर जातो आणि सावली खाली घसरते. मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले. वाटेत एक पिवळी गाडी धापा टाकत उभी होती, तिच्या नाकावर टिच्चून गेले. विमानतळाची बस दार लावत होती, तेवढ्यात मी फाटकाशी हजर! मला पाहताच रखवालदारानं टोपी काढली, मान लववली आणि दोन्ही दारं सताड उघडली. दुसऱ्या दिवसापासून गाशे दाग्ने फाटकाच्या आत उभे राहू लागले, ते थकून घरी बसेपर्यंत. कुणी त्यांना तिथून हलवलं नाही.

आणि माझं काय झालं? इंजिन काढून विकलं. आरसे चोरले. टायर कुणी नेले, ते मला ठाऊक आहे, पण नाव घेऊन तोंड विटाळत नाही. म्हणून रागानं सांगते मित्रांनो, ऐका. जुन्याला भंगार म्हणायच्या आधी त्यानं कुणाकुणाला वाहून नेलंय ते विचारा. परक्या शहरात गेलात तर काच खाली करा आणि पाय खाली ठेवा. आणि माझ्यासारखी एखादी दगडांवर बसलेली दिसली, तर तिच्यावर नाव कोरू नका, निदान फडका मारा. कारण त्या दिवशी मी, एकटीनं, कुणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर—

"कुणाच्या जोरावर?" आस्कालेंनी कॉफीचा झारा माझ्या बॉनेटवर दाणकन आपटला. "अग थापाडे! तंबूपाशी जी बंद पडलीस, ती पुन्हा सुरू झालीस कधी? अख्खा तंबू ढकलत होता तुला, पार हॉटेलपर्यंत! पुढून दोरीनं आबा बिराटूंचे भाऊ ओढत होते, मागून मी. आणि रखवालदारानं टोपी काढली ती काय तुला? शाली गुंडाळलेली एवढी माणसं गाडी ढकलत येताना पाहून त्याला वाटलं, मयतच चाललंय! आणि म्हणे बाईंना वर नेलं! बाई कुठं बसल्या होत्या तुझ्यात? माझ्या शेजारी खांदा लावून ढकलत होत्या त्या. आत होती नुसती त्यांची बॅग!"